मास्क बदलला तरी पहाटे लीक परत सुरू? आधी हवा नक्की कुठून निघते ते पकडा

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते वापरणाऱ्या लोकांकडून एक तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकतो आणि प्रत्येकाची गोष्ट जवळपास सारखीच असते. नवीन मास्क आणला, पहिले काही दिवस झक्कास गेले, सकाळी डोकं हलकं वाटायला लागलं, आणि मग हळूहळू परत तेच सुरू, पहाटे कधीतरी फुस्स आवाजाने जाग येते, डोळ्यावर गार हवा येत असते, तोंड कोरडंठाक पडलेलं, मग अर्धवट झोपेत पट्टे अजून आवळायचे आणि तरी हवा निघतच राहते. मग माणूस दुसरा मास्क बघायला लागतो. नाकावरच्या नेझलवरून नाक-तोंड झाकणारा फुल फेस, फुल फेसवरून नाकपुड्यांशी बसणारी पिलो, असं करत करत कपाटात मास्कचा ढीग जमतो आणि शेवटी मशीनच कोपऱ्यात जाऊन पडतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, मास्कही वाईट नसतो, फक्त हवा कुठून आणि किती वाजता निघते हे कोणी बघितलेलंच नसतं.

मास्कची तुलना खाली करणारच आहे, पण "कुठला मास्क चांगला" या प्रश्नाला तुमचा लीक कुठला आहे हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. म्हणून आधी लीक.

हवा येतेय म्हणजे लीकच असेल असं नाही

प्रत्येक मास्कवर, पुढच्या बाजूला किंवा नळी जोडतात त्या एल्बोपाशी, बारीक भोकं नाही तर जाळी असते. तिला व्हेंट म्हणतात. तिथून हवा सतत बाहेर पडलीच पाहिजे, कारण तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने जातो. ती भोकं टेप लावून किंवा पांघरुणाखाली दाबून बंद करायची नाहीत, आवाज येतो म्हणून तर मुळीच नाही. मास्क आणि प्रेशर यांप्रमाणे मिनिटाला साधारण २० ते ५० लिटर हवा इथून जाऊ शकते, ती ठरलेली असते आणि मशीनला ती माहीत असते.

चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ कुशनच्या कडेतून किंवा तोंडातून जी निघते तो खरा लीक. आणि इथे आकड्यांचा मोठा गोंधळ होतो. रेसमेडची मशीन व्हेंटची हवा वजा करून फक्त उरलेला लीक दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटर ही त्यांची मर्यादा आहे, त्याच्या खाली असाल तर मशीन सांभाळून घेतं. फिलिप्सच्या बऱ्याच मशीनमध्ये मात्र व्हेंट धरून एकूण हवेचा आकडा येतो. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून एकाचा ३५ आणि दुसऱ्याचा ५ बघून घाबरून जाऊ नका, ती तुलनाच चुकीची आहे. लीक शून्यावर आणायच्या मागेही लागू नका, थोडाफार लीक सगळ्यांचाच असतो. झोप मोडत नसेल, डोळ्यात हवा जात नसेल आणि आकडा मर्यादेत असेल तर तो सोडून द्या.

अजून एक. "माझा एएचआय तर २ आहे, मग लीक असला तर काय बिघडलं" असं बरेच जण म्हणतात. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला तो आकडा, ५ च्या खाली असला की बरं मानतात. पण लीक मोठा असताना मशीनला तुमचा श्वास नीट दिसतच नाही, आणि दिसत नाही ते मोजलंही जात नाही. म्हणजे ज्या रात्री लीक खूप त्या रात्रीच्या छान एएचआयवर फार विसंबू नका.

पहाटेच का होतं हे?

आरईएम झोप, म्हणजे जिच्यात स्वप्नं जास्त पडतात ती, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात, जबडा खाली येतो, घसाही जास्त मिटतो, त्यामुळे ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, तेव्हा वाढतो, आणि मशीन ऑटो मोडवर असेल तर ते प्रेशर चढवत नेतं. आता बघा, झोपताना तुम्ही मास्क लावला तेव्हा रॅम्प, म्हणजे कमी प्रेशरने सुरुवात करून हळूहळू वाढवायची सोय, चालू होता म्हणजे प्रेशर ४ किंवा ५ होतं, तुम्ही जागे होता, तोंड मिटलेलं, गाल ताठ. पहाटे प्रेशर १२ वर गेलं, गाल सैल, जबडा लोंबलेला आणि तुम्ही उताणे. चेहराही वेगळा आणि हवेचा जोरही वेगळा! रात्री बसल्या बसल्या केलेलं फिटिंग पहाटे टिकत नाही याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत हेच असतं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर मशीनमध्ये एसडी कार्ड आहे का बघा. ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच मशीनच्या कार्डवरचा डेटा त्यात उघडतो. प्रेशरची रेघ आणि लीकची रेघ एकाखाली एक लावा. प्रेशर आधी चढलं आणि मागोमाग लीक आला, तर सील तेवढ्या प्रेशरला टिकत नाही असं धरा. प्रेशर शांत होतं आणि लीक एकदम उसळला, तर तुम्ही कूस बदलली असेल, नळी ओढली गेली असेल किंवा तोंड उघडलं असेल. बऱ्याच वेळा गोष्ट अशी पुढे जाते की लीकमुळे झोप चाळवते, श्वास वेडावाकडा होतो, मशीन प्रेशर वाढवतं आणि त्याने लीक अजून वाढतो, आणि सकाळी रिपोर्टमध्ये नुसता एक मोठा आकडा दिसतो. म्हणून सरासरीच्या आकड्यावर थांबू नका, वेळ बघा. कार्ड नसेल, फक्त मोबाईलवरचं ॲप असेल, तर जाग आली की घड्याळ बघून एका कागदावर वेळ आणि कुठल्या कुशीवर होतात एवढं खरडून ठेवा. पाच-सहा रात्रींत चित्र दिसायला लागतं.

तोंड की मास्क

हा फरक कळला की निम्मं काम झालं.

नाकाचा मास्क लावून झोपलात आणि तोंड उघडलं तर नाकातून आत गेलेली हवा सरळ तोंडातून बाहेर येते. सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली, ओठ सुकलेले, शेजारी झोपणाऱ्याने सांगितलं की ओठ फुरफुर करत होते. ग्राफवर असा लीक बऱ्याचदा पायरीसारखा दिसतो, एकदम वर जातो, काही मिनिटं सपाट राहतो, एकदम खाली येतो. मास्कच्या कडेचा लीक जास्त दातेरी असतो, कमी-जास्त होत राहतो आणि कूस बदलली की बदलतो. हा काही पक्का नियम नाही पण अंदाज बांधायला पुरतो. तोंड कोरडं पडायला काही औषधं किंवा कमी ठेवलेला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारा भाग, हेही कारण असतं, त्यामुळे नुसत्या कोरड्या तोंडावरून निकाल लावू नका, ग्राफशी ताडून बघा.

फुल फेसवाल्यांना वाटतं आपल्याला हा प्रश्नच नाही, तोंड तर मास्कच्या आत आहे. पण जबडा खाली घसरला की हनुवटीवर टेकलेली कुशनची कड त्याच्याबरोबर सरकते आणि हवा खालच्या कोपऱ्यातून जाते. फुल फेसमध्ये पहाटे ओठांच्या खालच्या बाजूने लीक होत असेल तर पहिला संशय जबड्यावर घ्या.

झोपून करायची टेस्ट

ही टेस्ट जवळजवळ कोणीच करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रात्री झोप अनावर झालेली असताना नको, दुपारी निवांत वेळ काढा. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, क्रीम-तेल काही नको. रात्री कवळी काढून झोपत असाल तर आताही काढा. नेहमीच्या पलंगावर, नेहमीच्या उशीवर, उताणे. रॅम्प बंद ठेवा म्हणजे हवा सुरुवातीपासून पूर्ण जोराने येईल. रेसमेडच्या मशीनमध्ये मास्क फिट म्हणून पर्याय असतो, तो थोडा वेळ हवा देऊन सील बरोबर आहे की नाही ते सांगतो, तोही चालेल.

आता सगळे पट्टे जवळजवळ सैल करा. मशीन चालू असतानाच मास्क हाताने धरून चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा, कुशन हवेने भरू द्या आणि अलगद परत टेकवा. फुल फेस असेल तर आधी खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा, मग वरचे. हवा थांबली की थांबा, त्यानंतर एक रेघही पुढे नको. मग एक बोट ओलं करून त्याची मागची बाजू कुशनच्या कडेने सावकाश फिरवा, नाकाचं हाड, डोळ्याचा आतला कोपरा, गाल, नाकपुडीच्या बाजूची घडी, हनुवटी. ओल्या कातडीला बारीक झुळूकही लगेच गार लागते. व्हेंटची झुळूक वेगळी, ती समोर जाते, तिच्याशी गल्लत करू नका. मग डाव्या कुशीवर वळा, परत बोट फिरवा. उजव्या कुशीवर. पोटावर झोपायची सवय असेल तर तसंही. शेवटी जबडा मुद्दाम सैल सोडा, तोंड थोडं उघडं पडू द्या आणि काय होतं ते बघा.

जिथे गार लागलं ती जागा लिहून ठेवा. मास्क निवडताना ही एक नोंद दहा जाहिरातींपेक्षा जास्त उपयोगी पडते.

माझ्या ओळखीतल्या एका काकांनी याच टेस्टने घोळ पकडला. त्यांचं फिटिंग दिवसा, बसून, कवळी तोंडात असताना झालेलं. रात्री कवळी काढली की गाल आत जायचे, वरचा ओठ बसायचा आणि मास्क दोन्ही बाजूंनी उघडा पडायचा. त्यांनी तोच मास्क लहान कुशन लावून वापरला, नवीन काही घेतलं नाही, आणि लीक गेला. कवळीवाल्यांनी फिटिंगला जाताना समोरच्याला सांगाच की मी रात्री कवळी काढतो, आणि त्यांच्यासमोर काढून, आडवं होऊन फिटिंग करून घ्या. लाजायचं काहीच कारण नाही. बरंच वजन कमी झालं असेल तरी तेच, चेहरा बदलतो आणि साइज परत बघावी लागते.

पट्टे आवळण्याबद्दल

सिलिकॉनच्या कुशनला बहुतेक वेळा दोन थर असतात, आत जाडसर आधार आणि बाहेर अगदी पातळ पापुद्रा. सील होतं ते त्या पापुद्र्यामुळे, शीड वाऱ्याने भरावं तसा तो मशीनच्या हवेने फुगतो आणि चेहऱ्याच्या खाचाखोचांत जाऊन बसतो. तुम्ही पट्टे करकचून आवळले की तो दबतो, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच हवा निघते. मग अजून आवळा, अजून लीक, वर नाकाच्या हाडावर लाल वण. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. तेवढ्यात सील होत नसेल तर साइज चुकलीय, आकार चुकलाय किंवा कुशन संपलंय.

कुशन खरंच संपतं. चेहऱ्यावरचं तेल सिलिकॉनमध्ये मुरतं, पापुद्रा ढिला, पिवळसर आणि निसरडा होतो. नवीन मास्क पहिले काही दिवस मस्त चालतो आणि मग बिघडतो याचं एक साधं कारण म्हणजे तो धुतलेलाच नसतो. कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. ब्लीच, स्पिरिट, वासाची तेलं यांच्या जवळपास नको, उन्हातही नको. नाकावर व्हॅसलिन लावून मास्क घालायची सवय असेल तर ती सोडा, पेट्रोलियम जेली सिलिकॉनला बरी नाही, लागलंच तर पाण्यावर आधारित जेल घ्या. फोमचं कुशन असेल, रेसमेडच्या एअरटच मालिकेत असतं तसं, तर ते पाण्यात बुडवून धुवायचं नसतं आणि लवकर बदलावं लागतं, हे घेण्याआधीच लक्षात घ्या. पट्टेही सैलावतात, धुऊन झाल्यावर आणि नवे असतानाच्या जागेवर चिकटवल्यावर मास्क लोंबत असेल तर हेडगिअरचं आयुष्य झालं.

सील हा विषय या उपचाराइतकाच जुना आहे. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिवन यांनी १९८० मध्ये सीपॅप पहिल्यांदा वापरून बघितलं, १९८१ मध्ये त्यावरचा लेख लॅन्सेटमध्ये आला, आणि सुरुवातीच्या पेशंटना घरी वापरायला नाकाचा साचा घेऊन बनवलेले मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट्याने चेहऱ्यावर चिकटवावे लागायचे. तिथून आजच्या कुशनपर्यंत सगळी धडपड हवा अडवायचीच आहे.

आता मास्क, एकेक करून

नेझल पिलो. रेसमेडचा पी१० सगळ्यात ओळखीचा. दोन छोट्या मऊ टोप्या नाकपुड्यांच्या तोंडाशी बसतात, चेहऱ्यावर बाकी जवळजवळ काहीच नाही. दाढी-मिशी असलेल्यांसाठी, चष्मा लावून वाचत झोपणाऱ्यांसाठी, मास्कने कोंडल्यासारखं होणाऱ्यांसाठी आणि डोळ्यात हवा जाणाऱ्यांसाठी माझं पहिलं मत यालाच. नाकाच्या हाडाला स्पर्शच नाही त्यामुळे तिथे लीक नाही आणि वणही नाही. तोटा असा की प्रेशर जास्त असेल तर हवेचा झोत सरळ नाकपुडीत लागतो आणि काही जणांच्या नाकपुड्या सोलवटतात. सोलवटत असतील तर साइज एक पायरी वर-खाली करून बघा, बऱ्याचदा लहान साइज आत खुपत असते. पिलो बाजूने टेकून बसली पाहिजे, आत कोंबायची नाही.

नेझल क्रेडल. एन३० किंवा ड्रीमवेअरचं नाकाखालचं कुशन. पिलोसारखंच पण आत काही जात नाही, नाकाखाली पाळण्यासारखी पट्टी टेकते. पिलो खुपणाऱ्यांना हा बरा. पण जाड मिशी असेल तर केसांतून हवा निघते, आणि नाकाचं टोक खाली झुकलेलं असेल तर एखादी नाकपुडी अर्धी झाकली जाऊ शकते, झोपून टेस्ट करताना दोन्ही नाकपुड्यांतून श्वास घेऊन बघा.

नेझल मास्क, नाक पूर्ण झाकणारा त्रिकोणी, एन२० वगैरे. प्रेशर जास्त असलेल्यांना हा पिलोपेक्षा सौम्य वाटतो कारण हवा पसरून येते. लीकची ठरलेली जागा नाकाचं हाड आणि डोळ्याचा कोपरा. इथे साइज नाकाच्या रुंदीवर जाते, आणि लोक सैल बरं म्हणून मोठी घेतात, मग कड गालाच्या खळग्यात पडते. दोन साइजच्या मध्ये असाल तर आधी लहान लावून बघा.

फुल फेस, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. याच्याबद्दल माझं मत ठाम आहे. नाक खरंच बंद असेल, म्हणजे पडदा वाकडा आहे, कायमची सर्दी आहे, नाकाने झोपेत श्वास जमतच नाही, तर फुल फेस हाच पर्याय आणि तो आनंदाने घ्या. पण फक्त "तोंड उघडतं" एवढ्यासाठी थेट फुल फेसवर उडी मारू नका. सीलची लांबी कितीतरी जास्त म्हणजे लीकच्या जागा जास्त, आणि नेझलच्या तुलनेत फुल फेसला बऱ्याच वेळा जास्त प्रेशर लागतं, उरलेला एएचआयही जास्त राहू शकतो. एक कारण असं की खालचे पट्टे जबडा मागे ढकलतात, जबड्याबरोबर जीभ मागे जाते आणि ज्या घशाची वाट मोकळी ठेवायची तीच अरुंद होते. आवळाल तितकं ते वाढतं. बऱ्याच लोकांचं तोंड नाक चोंदल्यामुळे उघडतं. ह्युमिडिफायर वाढवला, रात्री सलाईनने नाक धुतलं (पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच घ्या), डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला, की काही दिवसांत तोंड मिटायला लागतं आणि नेझल चालतो. नाकाला आधी संधी द्या.

फुल फेसला एक झडप असते, वीज गेली किंवा मशीन बंद पडलं तर तिच्यातून बाहेरची हवा घेता येते. धुताना ती अडकलेली किंवा फाटलेली नाही ना बघत जा. आणि ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा रात्री उलटी व्हायचा धोका आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुल फेस लावायचा नाही.

नाकाखालून बसणारा फुल फेस, एफ३०, अमारा व्ह्यू, इव्होरा फुल. तोंड पूर्ण झाकतो पण वर नाकाच्या हाडापर्यंत जात नाही. डोळ्यात हवा, हाडावर वण, चष्मा, हे त्रास असतील आणि फुल फेस सोडता येत नसेल तर हा बघाच. प्रेशर जास्त असेल तर मात्र नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत हा सुटतो, आणि कुशीवर उशी लागली की अख्खा तिरका होतो. याच्यात साइज एका बोटाने चुकली तरी खपत नाही.

पूर्ण चेहरा झाकणारा, फिटलाइफसारखा, फार कमी लोकांना लागतो. नाकावर जखम झालीय, कुठलाच मास्क सील होत नाही, अशा वेळी डॉक्टर सुचवतात. दिसायला भीतीदायक पण कडा कपाळ आणि गालावर जातात त्यामुळे काहींना उलट मोकळं वाटतं.

मास्क बरोबर आहे तरी लीक

मग नळीकडे बघा. माझ्या स्वतःच्या ग्राफमध्ये उजव्या कुशीवर वळलो की लीक यायचा आणि डावीकडे नाही, मशीन डावीकडच्या टेबलावर आणि नळी समोरून जोडलेली, वळलं की ती मास्कला ओढायची. नळी डोक्यावरच्या हुकातून खाली सोडली तेव्हा ती ओढ गेली. डोक्यावरून नळी जाणारे मास्क, ड्रीमवेअर, एन३०आय, एफ३०आय, सारखी कूस बदलणाऱ्यांना यासाठीच आवडतात. पण त्यांची फ्रेम गालावरून पोकळ नळ्यांची असते, एक बाजू उशीखाली दबली तरी दुसरीतून हवा येते हे खरं, तरी प्रेशर जास्त असेल तर दोन्ही बाजू मोकळ्या असलेल्या बऱ्या. फ्रेमची साइज मोठी झाली तर ती मागे घसरते आणि कुशन नाकापासून सुटतं. कुशीवर झोपणाऱ्यांनी उशीची कड गालाखाली घ्यावी म्हणजे मास्क कडेबाहेर मोकळा राहतो.

मशीनच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार निवडलेला असतो, पिलो, नेझल की फुल फेस. मास्क बदलला आणि हे बदललं नाही तर लीकचा हिशोब चुकू शकतो. हे दोन मिनिटांचं काम आहे.

हनुवटीचा पट्टा काहींना चालतो, काहींचा जबडा मागे ओढतो, बघून ठरवा. तोंडाला टेप लावायचं बरेच जण सुचवतात, पण नाक चोंदत असेल, पित्त वर येत असेल, उलटीची शक्यता असेल तर तो जिवाशी खेळ आहे, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

चुंबकाचं नक्की वाचा

बऱ्याच मास्कच्या खालच्या क्लिपमध्ये चुंबक असतं, लावायला सोपं म्हणून. २०२२ मध्ये फिलिप्सने आणि २०२३ मध्ये रेसमेडने याबद्दल सुरक्षेच्या सूचना काढल्या. पेसमेकर, शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप, मेंदूतलं पाणी काढायची शंट, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यातला धातूचा कण, असं काही असेल तर चुंबक त्यापासून निदान १५ सेंटीमीटर लांब हवं. आणि हे फक्त तुमच्यापुरतं नाही, शेजारी बिलगून झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर असेल तरी लागू आहे. बिनचुंबकाच्या क्लिपचे मास्क मिळतात, शंका असेल तर तेच घ्या.

डॉक्टरांकडे कधी

लीक आटोक्यात आला तरी एएचआय ५ च्या वर राहतोय, ग्राफमध्ये सेंट्रल ॲप्निया, म्हणजे मेंदूकडूनच श्वासाचा इशारा न आल्याने श्वास थांबणं, बरेच दिसतायत, दिवसा परत डुलक्या येतायत, त्यातही गाडी चालवताना, तर मास्कशी खेळणं थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. पोटात हवा भरून फुगत असेल तरी सांगा. पहाटेचा लीक फक्त प्रेशर चढल्यावर येत असेल तर वरची मर्यादा कमी करायची का हा प्रश्नही त्यांनाच विचारा, लीक जाईल पण ॲप्निया उघडा पडेल असं होऊ शकतं, ते प्रेशर स्वतःहून कमी करू नका. बायपॅपवाल्यांनी, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळं प्रेशर देणारं मशीन वापरणाऱ्यांनी, तर सेटिंगला हातच लावायचा नाही. डोळे सतत लाल होत असतील किंवा नाकावरची कातडी फाटली असेल तर वाट बघत बसू नका.

जाताना मास्क, नळी आणि कार्ड घेऊन जा, नुसतं "लीक होतो" म्हणू नका. मास्कचं नाव आणि कुशनची साइज, कुशन किती जुनं, लीक किती वाजता, कुठल्या कुशीवर, ओल्या बोटाला गार कुठे लागलं, तेव्हा प्रेशर किती होतं, आणि नाक चोंदलेलं होतं का, एवढं एका कागदावर लिहून द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन-चार रात्री तशाच जाऊ द्या, मग दुसरी. आणि नवीन मास्क आला तरी जुना ज्याच्यावर निदान निम्मी रात्र झोप लागायची तो फेकू नका, नवीन जमेपर्यंत रात्र बिनमास्कची जाता कामा नये.